डबल बेल

आबासाहेब : खुर्ची हितंच राहू दे का आजून थोडी भायेर घिऊ? मागल्या टायमाला तुमचा कॅमेरावाला म्हनला, दार सगळं दिसलं पायजे.

फिरदोस : खुर्ची राहू द्या, आबा. मी आज शूटिंगला नाही आले.

आबासाहेब : न्हाय? आन् मी सकाळधरनं खाकी शर्ट चढवून बसलोय. पाठीला चिकटलाय बग नुसता. रिटायर मानसानं वर्दी घालू नये खरं तर. पन तूच म्हनलीस, एसटीचा ड्रायव्हर वाटला पायजे.

फिरदोस : म्हटलं होतं. आता काढा तो आणि निवांत बसा. कूलर लावू का?

आबासाहेब : लाव. पानी न्हाय त्यात, नुसती गरम हवा फेकतंय. मग कशाला आलीस एवढ्या उन्हाची? रिकाम्या हातानं तू कवा आली न्हाईस. कवा माईक, कवा ते गोल दिवं.

फिरदोस : नुसतं भेटायला येऊ नये का?

आबासाहेब : ये की. तसं कोन येतंय? म्हंजी येत्यात म्हना लई जन. काल पेट्रोल पंपावर पोरं म्हनली, आबा एक सेल्फी. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी तशीच पिशवीत घातली. म्हनली, बाप असावा तर असा. मान ताठ झाली माजी. आन् घरी येऊन बगतो तर मी आन् ह्यो कूलर.

फिरदोस : चहा टाकते मी. बसा तुम्ही.

आबासाहेब : चा ऱ्हाऊ दे. आदी मला एक दाखव. तू ह्यातली हुशार हायेस. हे स्टेटसच्या खाली डोळ्याचं चिन्ह हाय का न्हाय? हितं दाबलं की कुनी कुनी बगितलं त्यांची नावं येत्यात. बराबर?

फिरदोस : बरोबर.

आबासाहेब : मग ह्यात अंकिताचं नाव कुटं गेलं?

फिरदोस : बघू.

आबासाहेब : पार खालपतूर बग. अतीक मोबाईलवाला हाय. भाजीवाली हाय. मंगळवेढा आगारातले माजे सगळे ड्रायव्हर-कंडक्टर हायेत. ज्यांचं तोंडबी बगितलं न्हाय असली मानसं हायेत. माजी लेक तेवढी न्हाय. रविवारपतूर व्हती.

फिरदोस : रोज असायची?

आबासाहेब : रोज. तुमचं ते रील आलं तवापासनं तिनं माज्याशी बोलनं सोडलं. फोन केला तर उचलायची न्हाय. मग मी सकाळी उठून कायतरी टाकायचो. चाचं पातेलं. पत्र्यावरची कबुतरं. एकदा भाकरी करपली, ती टाकली. अतीक हसला, म्हनला, आबा तुमी एवढे फेमस आन् करपल्या भाकरीचा फोटो? त्याला काय सांगनार? चा पिऊन व्हईस्तवर त्या डोळ्याच्या चिन्हाखाली तिचं नाव यायचं. मनात म्हनायचो, चला. उटली. बरी हाय.

फिरदोस : म्हणजे स्टेटस तुम्ही एकट्या तिच्यासाठी टाकत होता.

आबासाहेब : मग काय भाजीवालीसाटी? सेटिंग बिगडलं असंल का गं? तिचं रीचार्ज संपलं असंल? अतीककडं नेला फोन, तर तो म्हनतोय, फोन झकास हाय.

फिरदोस : फोन चांगलाच आहे, आबा.

आबासाहेब : मग पोरीला काय झालंय? वळसंग काय लांब हाय का, आत्ता जाऊन आलो असतो. पन तिनंच शपत घातलीया. रील आल्यावर एकच मेसेज केला तिनं. "अण्णा, सासरी येऊ नका. आलात तर माझी शपथ." अण्णा. सगळं सोलापूर मला आबा म्हनतंय. अण्णा म्हननारं जगात एकच मानूस उरलंय. फिरदोस, तू जाऊन बगून येशील का? तुला काय शपत न्हाय.

फिरदोस : आबा, आधी माझं ऐका. अंकिता बरी आहे.

आबासाहेब : तुला कसं ठावं?

फिरदोस : सकाळी तिच्याशेजारी बसून चहा प्यायले मी.

आबासाहेब : वळसंगला गेलतीस?

फिरदोस : ती वळसंगला नाही. इथंच आहे, सोलापुरात. रविवारपासून.

आबासाहेब : सोलापुरात?

फिरदोस : हो.

आबासाहेब : ह्याच सोलापुरात? आन् मी हितं उघड्या दारात बसून डोळ्याचं चिन्ह दाबत बसलोय? रविवारधरनं तुला ठावं हाय आन् तू गप?

फिरदोस : तिनं सांगू नका म्हटलं होतं. आज सकाळी म्हणाली, जा, सांगा. तशी उठून आले.

आबासाहेब : मी बाप हाय तिचा!

फिरदोस : माहीत आहे. ओरडा माझ्यावर, हक्क आहे तुमचा. पण तिला न विचारता मी परत काही करणार नव्हते. एकदा करून बसलोय आपण. तुम्ही आणि मी, दोघंही.

आबासाहेब : काय केलं आपुन? चांगलंच केलं की. लाखांनी लोकांनी बगितलं.

फिरदोस : काय बोलला होता त्यात, सांगा.

आबासाहेब : पाठ हाय. "मी आबासाहेब, मंगळवेढा आगाराचा रिटायर ड्रायव्हर. एकुलती एक लेक वळसंगला दिली. चपाती जाड झाली म्हनून जावयानं तिला पोळपाटानं मारलं. बापांनो, लेकीला नांदायला घालवताना सांगा, पोरी, कवाबी ये, दार उघडं हाय." तूच म्हनलीस, आबा, भाषन नको, आकडे नकोत, घरातलं खरं बोला.

फिरदोस : मीच म्हटलं. बापांनी बापांशी बोलावं म्हणूनच तर आमच्या महिला संस्थेनं ते पेज काढलं. तुम्ही बोललात आणि मला रडू आलं. आमचे अब्बू ट्रक चालवायचे. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. आम्ही बहिणी कशा आहोत, कधी विचारलं नाही. मला वाटलं, असाही बाप असतो हे लोकांना दिसलं पाहिजे. त्याच दुपारी टाकून दिलं. तुमची सही घेतली. जिची गोष्ट होती तिला एक फोनसुद्धा केला नाही.

आबासाहेब : पन तिचं नाव कुटं घेतलं आपुन?

फिरदोस : मंगळवेढ्याच्या एसटी ड्रायव्हरच्या लेकी वळसंगमध्ये किती आहेत, आबा?

आबासाहेब : एकच.

फिरदोस : अजून एक आहे. तुम्ही ते बघितलं नसणार, म्हणून सांगते. तुमचा आवाज घेऊन लोकांनी दुसरे व्हिडिओ केलेत. हसायचे. एक माणूस पोळपाट घेऊन बायकोमागे पळतो, ती गोल गोल पळते, आणि वर तुमचा आवाज. आमच्या व्हिडिओपेक्षा ते जास्त चालले.

आबासाहेब : माजा आवाज?

फिरदोस : तुमचाच. आम्ही तक्रारी करून थोडे काढायला लावले. दुसऱ्या दिवशी नवे.

आबासाहेब : त्यात हसायचं काय हाय पन?

फिरदोस : काही नाही. तरी हसतात. वळसंगची पोरं तिला बघून पोळपाट म्हणून हाका मारायला लागली. दूध आणायला गेली तरी मागनं तुमचा आवाज लावायची.

आबासाहेब : बंद कर गं तो कूलर. लई आवाज करतोय.

फिरदोस : केला. पाणी घ्या.

आबासाहेब : तुला ठावं व्हतं, तर काढलं का न्हाईस ते रील?

फिरदोस : रोज सकाळी ठरवायचे, आज काढू. आणि रोज कुठल्यातरी बापाचा फोन यायचा. केम गावचे ज्ञानबा आठवतात का, मी सांगितलेले? रील बघून उठले आणि लेकीला घेऊन आले. तिच्या अंगावर चटके होते. असा फोन आला की मला काढवायचं नाही. म्हणायचे, अजून एक दिवस राहू दे. अंकिताचं काय, हा विचार यायचा आणि मी तो बाजूला सारायचे. माझं चुकलं.

आबासाहेब : तुझं एकटीचं कसं? तोंड माजं व्हतं की. ती कुनाकडं हाय? लॉजवर न्हाय ना?

फिरदोस : जाहिदा खालांकडे. माझ्या मावशी लागतात. शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई घेतात. बोलायचं का तिच्याशी?

आबासाहेब : हे काय इचारनं झालं?

फिरदोस : एक अट आहे तिची. ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. तिनं विचारलं तरच.

आबासाहेब : मी? गप बसायचं?

फिरदोस : तुमच्या गाडीत पाटी असायची ना, चालकाशी बोलू नये? आज चालकानं बोलायचं नाही.

आबासाहेब : लाव. बसतो गप.

(फिरदोस जाहिदा खालांच्या नंबरवर फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

अंकिता : हॅलो.

आबासाहेब : अंके, अगं...

फिरदोस : आबा.

आबासाहेब : बरं, बरं.

अंकिता : अण्णा, जेवलात का? एवढं सांगा.

आबासाहेब : जेवलो. खिचडी केलती. भाकरी करपली, मग खिचडी केली. तू?

अंकिता : जेवले. खालांना आपल्या ज्वारीची भाकरी आवडायला लागलीय. मीच करते रोज. आणि शर्टाच्या कॉलरी करते. शाळा उघडायच्या आत लई काम असतंय त्यांना. ऐकू येतंय ना?

आबासाहेब : येतंय.

अंकिता : मग ऐका. मी रविवारी घरी आले होते.

आबासाहेब : कुटल्या घरी?

अंकिता : आपल्या.

आबासाहेब : कवा? मी तर दिवसभर हितंच व्हतो.

अंकिता : होता. मी बघितलं तुम्हाला.

फिरदोस : आबा, बोलू द्या तिला.

अंकिता : आदल्या दिवशी इंद्रजीत मित्राच्या हळदीला गेला होता. तिथं कुणीतरी डीजेवर तुमचा आवाज लावला. पोळपाटाचा. सगळे नाचले म्हणे त्याच्यावर. सकाळी उठल्या उठल्या तो राग माझ्यावर निघाला. तुझ्या बापानं माझी अब्रू काढली, म्हणत होता आणि मारत होता. सासूबाई बाहेर धुणं वाळत घालत होत्या. वाळतच घालत राहिल्या. मग मी पिशवी घेतली, मोबाईल घेतला आणि रस्त्यावर येऊन एसटीत बसले. तोंडावर ओढणी. गाल सुजला होता ना. सगळ्या वाटेत डोक्यात एकच होतं, अण्णांनी सांगितलंय, दार उघडं हाय. हसू नका, पण बरं वाटत होतं मला.

आबासाहेब : हसत न्हाय मी.

अंकिता : गल्लीच्या तोंडाशी आले, किराणा दुकानापाशी. बघते तर आपल्या दारात ही गर्दी. दिवे लावलेले. तुमच्या गळ्यात हार.

आबासाहेब : ते चॅनेलवालं... रविवारी ते यूट्यूबचं चॅनेलवालं आलतं मुलाखतीला. हार त्यांनीच आनला व्हता.

अंकिता : एक बाई माईक धरून होती. तुम्ही म्हणत होता, माजी लेक आत्ता ह्या मिन्टाला आली तरी दार उघडं हाय. मी समोरच होते, अण्णा. दुकानाच्या पत्र्याखाली. दार उघडं होतं, पण आत यायला वाट नव्हती.

आबासाहेब : हाक मारायची की गं.

अंकिता : मारणार होते. पण दुकानदाराच्या मोबाईलवर पण तुमचंच रील चाललं होतं. समोरनं तुमचा आवाज, बाजूनं पण तुमचाच. मी एक पाऊल जरी पुढं टाकलं असतं तर सगळे कॅमेरे माझ्या गालाकडे वळले असते. आणि तुम्ही उठून त्या सगळ्यांसमोर मला जवळ घेतलं असतं.

आबासाहेब : घेतलं असतं. व्हय. घेतलंच असतं.

अंकिता : तेच. आणि तो पण व्हिडिओ झाला असता. मग मी तशीच माघारी फिरले. रीलच्या खाली मदतीचा नंबर होता, तो लावला.

फिरदोस : मीच उचलला फोन. नाव ऐकलं आणि तशीच तिला आणायला निघाले, आबा.

अंकिता : अण्णा?

आबासाहेब : हाय. हितंच हाय.

अंकिता : रडू नका.

आबासाहेब : न्हाय. बोलू का आता?

अंकिता : बोला.

आबासाहेब : काय बोलू कळंना.

अंकिता : मग मीच विचारते. तुम्हाला आठवतंय का, लहान असताना मी तुमच्या गाडीत यायचे? मंगळवेढा-सोलापूर. तुमचे कंडक्टर चन्नप्पाकाका मला घंटीची दोरी धरू द्यायचे.

आबासाहेब : आटवतंय की. हात पुरायचा न्हाय तुजा. शिटवर हुबी ऱ्हायाचीस. प्याशिंजर वरडायची, पोरगी पडंल. तुला दम निघायचा न्हाय.

अंकिता : तुम्हीच शिकवलं होतं. एक बेल, गाडी थांबवायची. डबल बेल, गाडी काढायची. बेल आली नाही तर?

आबासाहेब : तर गाडी जागची हलत न्हाय. ड्रायव्हरला फुडचा रस्ता दिसतोय, पायरीवर कोन हाय ते दिसत न्हाय. मागनं ट्रकवाला किती का बोंबलंना, बेल आल्याबिगर क्लच सोडायचा न्हाय. सगळ्या नोकरीत एकदाबी तशी गाडी काढली न्हाय म्या.

अंकिता : मग माझ्या वेळी कशी काढलीत?

आबासाहेब : काय?

अंकिता : पोळपाटाचं मी तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं. न्हाणीघरात पाणी सोडून, बारीक आवाजात, फोनवर. आईला सांगितलं असतं, पण आई नाही. म्हणून तुम्हाला. तुम्ही ते जगाला सांगितलं. मी बेल दिली होती का, अण्णा?

आबासाहेब : न्हवती दिली.

अंकिता : मी पायरीवरच होते.

आबासाहेब : व्हय गं. तू पायरीवर व्हतीस आन् मी गाडी काढली.

फिरदोस : अंकिता, मी बोलू का? व्हिडिओचं काय करायचं ते तू सांग. ठेवायचा की काढायचा. जे आधी विचारायला हवं होतं ते आज विचारते.

अंकिता : काढा ताई. केमच्या त्या पोरीचं कळलं, बरं वाटलं मला. खरंच वाटलं. पण माझा मार दाखवून नको. अण्णांना बोलायचं असेल तर त्यांनी स्वतःचं बोलावं.

आबासाहेब : माजं काय हाय बोलन्यासारखं?

अंकिता : आहे की. मी फोनवर रडले तेव्हा दुसऱ्या दिवशी तुम्ही वळसंगला आलात. मला वाटलं, आता अण्णा बोलणार. स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होते मी. तुम्ही इंद्रजीतच्या समोर बसलात. चहा घेतलात. अवंदा ज्वारीला भाव काय, ते विचारलंत. आणि उठून गेलात.

आबासाहेब : त्याच्याच घरी बसून त्याला...

अंकिता : एवढ्या लाख लोकांना सांगितलंत, हात उचलू नका म्हणून. ज्यानं उचलला त्याला एकट्याला नाही सांगितलं. तो समोर होता की. हातभर अंतरावर.

आबासाहेब : जीभ उचलली न्हाय. घोकत गेलतो एसटीत, असं बोलायचं, तसं बोलायचं. तो वाकून पाया पडला आन् मी सगळं इसरलो. जावई हाय, वाटलं, बोललो तर तुलाच जास्ती तरास द्यील. भ्यालो म्हन. कॅमेऱ्याम्होरं भ्या वाटत न्हाय. कॅमेरा कुनाचा जावई न्हाय.

अंकिता : मग ते सांगा लोकांना. जीभ कुठं अडकते ते. बाकीच्या बापांची पण तिथंच अडकत असणार. मी कुठं पडले आणि कशानं पडले ते नको.

फिरदोस : हे मला आधी सुचायला हवं होतं.

आबासाहेब : अंके, मी येतो. रिक्षा करून आत्ता निगतो. जाहिदाबाईंना म्हनावं, दोन मिन्टात...

अंकिता : अण्णा.

आबासाहेब : काय?

अंकिता : बेल?

आबासाहेब : न्हाय. न्हाय दिलीस. बसतो.

अंकिता : पोलिसात तक्रार दिलीय मी. माझ्या हातानं सही केलीय. तिथं पुढं काय करायचं ते मी ठरवीन. तुम्ही इंद्रजीतला फोन करायचा नाही, कुणाला पाठवायचं नाही. घरी येणार का नाही, ते आज मला सांगता येत नाही. राग आहे म्हणून नाही. राग आहेच. पण डोळे मिटले की गर्दी दिसते मला त्या दारात.

आबासाहेब : बरं.

अंकिता : नुसतं बरं?

आबासाहेब : दुसरं काय बोललो तर चुकंल. म्हनून बरं.

अंकिता : तुमचं स्टेटस मी बघायचे. रविवारी तो हाराचा फोटो टाकलात, तेव्हापासून बंद केलं.

आबासाहेब : हाराचा फोटू परत न्हाय टाकनार. कवाच न्हाय.

अंकिता : करपलेली भाकरी चांगली होती.

आबासाहेब : ती बगितलीस?

अंकिता : दोनदा बघितली. एवढी कशी करपवता? तवा उतरवायचा तर खाली.

आबासाहेब : ध्यान ऱ्हात न्हाय. आज बी करपली. टाकू?

अंकिता : टाका. फोन मी बंदच ठेवते हल्ली. कधी उघडला तर बघीन. रोज नाव येईल असं धरू नका.

आबासाहेब : न्हाय धरत.

अंकिता : ठेवते. खाला कॉलरींची वाट बघतायत. मला यावंसं वाटलं की फोन करते. दोनदा वाजवून बंद करीन. मग या न्यायला. एकटे या.

आबासाहेब : एकदाच वाजला तर?

अंकिता : तर थांबायचं. तुम्हाला काय सांगायचं ते?

आबासाहेब : थांबीन. अंके, ऐक की...

फिरदोस : ठेवला तिनं, आबा.

आबासाहेब : व्हय. ठेवला.

फिरदोस : तुमच्यासमोरच काढते व्हिडिओ. हा बघा. काढू?

आबासाहेब : तिनं सांगितलंय की. काढ.

फिरदोस : गेला.

आबासाहेब : एवढ्यात?

फिरदोस : एवढ्यात.

आबासाहेब : आन् ते हसायचे?

फिरदोस : ते लोकांकडे राहणार. मी मागे लागते त्यांच्या, पण सगळे जातील असं खोटं नाही सांगणार तुम्हाला.

आबासाहेब : म्हंजी माजा आवाज गावभर फिरनार. आन् मी हितं.

फिरदोस : दुसरा व्हिडिओ कधी करायचा, ती म्हणते तसा?

आबासाहेब : करू. पन आदी तिला लिवून दाखवायचं. ती व्हय म्हनली तर. न्हायतर ऱ्हायला. आन् हारबिर कोनी आनला तर दारातनंच घालवायचा. मला न्हाय घालवता येत. हार दिसला की मी मान खाली घालतो, सवय लागली बग.

फिरदोस : हसवता तुम्ही. मी निघू? खालांकडे धाग्याची रिळं पोचवायचीत.

आबासाहेब : तिकडंच चाललीस? थांब मग. चटनी हाय शेंगाची, तिला लई... न्हाय. ऱ्हाऊ दे. कायबी न्हेऊ नको. निरोप बी नको.

फिरदोस : काहीच नको?

आबासाहेब : नको. बेल न्हाय अजून. तू जा, उशीर हुईल. आन् जाताना तेवढं दार लोटून घे.

फिरदोस : दार? तुमचं दार, आबा?

आबासाहेब : व्हय. येनारे जानारे डोकावत्यात, फोटू मागत्यात, बोलत बसत्यात. त्या गलबल्यात फोन वाजल्याला कळायचा न्हाय.

फिरदोस : बरं. मग आतून कडी लावून घ्या.

आबासाहेब : कडी नको. नुसतं लोट.